राडागॉनचा पुतळा खरंच बदलतो

रत्नागिरी-मालवणच्या गेमर ग्रुपांवर फिरतंय, की 'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेममधला राडागॉन राजाचा पुतळा मारिका राणीचा होतो तो व्हिडिओ एडिट केलेला आहे. साफ चूक. गेममधल्या लेंडेल या राजधानीत त्या पुतळ्यासमोर 'लॉ ऑफ रिग्रेशन' ही इन्कँटेशन (प्रार्थना-मंत्र) वापरा. राडागॉन म्हणजेच मारिका, हे गेमच सांगतो. 'गोल्डन ऑर्डर प्रिन्सिपिया' हे पुस्तक मिरियल या पात्राला दिलं की ही इन्कँटेशन त्याच्याकडे विकत मिळते. जमत नसेल तर तुमच्या पात्राचा इंटेलिजन्स आकडा किमान 37 आहे का बघा. शिवाय हातात स्टाफ नको, सील हवं: ही इन्कँटेशन आहे, सॉर्सरी नव्हे. फसगत इथेच होते.

गेमभर साथ देणारी मेलिना हीच ग्लोम-आइड क्वीन (गेमच्या कथेतली जुनी राणी), हा मात्र अजून तर्कच. सुंदर तर्क आहे, गेमच्या 'फ्रेन्झीड फ्लेम' या शेवटात उघडणाऱ्या तिच्या डोळ्यावर उभारलेला. पण 2024च्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या गेमच्या विस्तारानेही त्यावर शिक्कामोर्तब केलेलं नाही.