एका जनुकचाचणीवर सगळी औषधे?

“औषधाची भयंकर रिॲक्शन जनुकांतच ठरलेली असते. एकदा चाचणी करा; निगेटिव्ह आली तर कोणतेही औषध निर्धास्त घ्या, पॉझिटिव्ह आली तर कातडी सोलून निघणारच. घरात कोणाला त्रास झाला नसेल, तर चाचणीचीही गरज नाही.” अशा आशयाचा संदेश बराच फिरतो आहे. तो निखालस खोटा असता तर सोडून देता आला असता. पण त्याच्या मुळाशी खरे संशोधन आहे, अनुमाने तेवढी चुकली आहेत.

सर्व औषधांना पुरणारी एकच चाचणी नाही. फिट्सवरील कार्बामाझेपिनसाठी एचएलए-बी*१५:०२ हे जनुकाचे रूप तपासतात, युरिक ॲसिड कमी करणाऱ्या ॲलोप्युरिनॉलसाठी बी*५८:०१. एकाचा अहवाल दुसऱ्या औषधाला लागू पडत नाही.

‘पॉझिटिव्ह म्हणजे होणारच’ हे तर आकड्यांसमोर टिकत नाही. २००४ साली तैवानमधील संशोधकांना कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (कातडी सोलून काढणारी हीच भयंकर रिॲक्शन) झालेल्या ४४ पैकी ४४ रुग्णांत १५:०२ आढळले. संदेशातला ठामपणा बहुधा इथूनच आला असावा. परंतु तेच औषध विनातक्रार घेणाऱ्या १०१ जणांपैकी तिघांतही ते होते, आणि ॲलोप्युरिनॉल सोसलेल्यांपैकी १५ टक्के लोकांत ५८:०१ सापडले. एचएलए हे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन औषधाचा रेणू पुढे करते, एवढेच. त्यावर तुटून पडणाऱ्या टी-पेशीही (रोगप्रतिकारक पेशी) त्या शरीरात असाव्या लागतात. म्हणून चाचणी निरुपयोगी ठरत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानच्याच अभ्यासात ४,८७७ जणांना आधी तपासून पॉझिटिव्ह आलेल्यांना कार्बामाझेपिन दिले नाही, तेव्हा या रिॲक्शनचे सुमारे १० रुग्ण अपेक्षित असताना एकही आढळला नाही.

घरच्यांचा दाखला तर कुचकामीच आहे, कारण हे जनुकरूप आई-वडिलांपैकी एकाकडून आले तरी पुरते, आणि त्यांनी ते औषध कधी घेतलेच नसेल.

सर्वांत घातक आहे तो ‘निर्धास्त’ हा शब्द. युरोपीय वंशाच्या लोकांत १५:०२ क्वचितच असते, तरी कार्बामाझेपिनची रिॲक्शन तिथेही होते. तिचा संबंध ए*३१:०१ या वेगळ्याच रूपाशी आढळला आहे. त्यामुळे अहवाल काहीही असो, नवे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, घसादुखी, डोळ्यांची आग, तोंडात फोड किंवा हात लावताच दुखणारे लाल चट्टे दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ज्याला एकदा अशी रिॲक्शन येऊन गेली आहे, त्याला निगेटिव्ह अहवालाच्या भरवशावर तेच औषध पुन्हा देऊ नये.