यॉर्कच्या सहलीवरील तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आईला यॉर्कची तटबंदी चढता आली नाही, टेकडीवरचा जुना बुरूज, क्लिफर्ड्स टॉवर, खालूनच पाहावा लागला, हॉटेल साधं होतं, दिवसाला दोनच ठिकाणं झाली, आणि आमच्या सहकाऱ्याने त्यांची व्हीलचेअर उचलून वर न्यायला नकार दिला, असं तुम्ही लिहिलंय. टॅक्सीवाल्याने खुर्चीचे वेगळे पैसे घेतल्याचंही लिहिलंय. व्हीलचेअर वापरणाऱ्या आईवडिलांना इंग्लंडला न्यायचा विचार करणारी इतर कुटुंबंही हे वाचतील, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी उचलण्याचं, कारण तुमचा खरा राग त्यावर आहे. लेण्याद्रीला डोलीवाले वर नेतात, मग इथे चार माणसं का मिळू नयेत, असं तुम्ही विचारता. डोलीवाल्यांचं ते रोजचं काम. कुठे टेकायचं, खांदा कुठे बदलायचा, हे त्यांना पाठ असतं. क्लिफर्ड्स टॉवरच्या टेकडीला ५५ पायऱ्या आहेत, उघड्यावर, त्या दिवशी पावसाने ओल्या. सवय नसलेल्या चौघांनी चाकांची खुर्ची धरून त्या चढायच्या, आणि तशाच उतरायच्याही. एकाचा पाय घसरला तर खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःला सावरताही येत नाही. हे आम्ही करत नाही, आग्रह कितीही झाला तरी. शिवाय काकूंना विचारलं तेव्हा त्या ‘नको’ म्हणाल्या होत्या. तुम्हाला त्यांना सगळं दाखवायचं होतं, ती तळमळ मला कळते. पण उचलून घ्यायचं की नाही, हे खुर्चीत बसणाऱ्यानेच ठरवायचं.

तटबंदी साधारण साडेतीन किलोमीटरची आहे आणि वर जायला पायऱ्यांशिवाय वाट नाही. म्हणूनच कार्यक्रमात ‘तटबंदी, खालून’ असं लिहिलं होतं. स्टेशनसमोरून ती फार सुंदर दिसते. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर तिथला सगळा उतार डॅफोडिल्सनी पिवळा झालेला असतो.

हॉटेलबद्दल. यॉर्कमधली जुनी गेस्ट हाऊस मलाही आवडतात, पण त्यातल्या बऱ्याच घरांत दारातच पायऱ्या, अरुंद जिना आणि लिफ्ट नाही. आम्ही खोली निवडताना आधी बाथरूम पाहतो. उंबरा नको, शॉवरखाली बसायची सोय हवी, कमोडच्या बाजूला खुर्ची लावण्याइतकी मोकळी जागा हवी. काकू तीन दिवस अंघोळ कुणाच्या मदतीशिवाय करू शकल्या, हे तुम्हीच लिहिलंय. माझ्या दृष्टीने या सहलीतली ती सर्वांत मोठी गोष्ट आहे.

दिवसाला दोन ठिकाणं आम्ही विचार करून ठेवतो. यॉर्विक व्हायकिंग सेंटर या संग्रहालयात एका वेळी एकाच व्हीलचेअरला आत घेतात, त्यामुळे आधी वेळ ठरवावी लागते आणि ती पाळावी लागते. तुम्हाला घाई वाटली ती याचमुळे. शॅम्बल्स ही जुनी खाटकांची गल्ली अरुंद आणि खडबडीत आहे. दुपारच्या गर्दीत खुर्चीतल्या माणसाला लोकांच्या पाठीच दिसतात, म्हणून आम्ही सकाळी लवकर नेतो.

यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चला मात्र अख्खी दुपार दिली, आणि पुढेही देणार. मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या सोडून द्याव्या लागतात, पण आत खुर्ची मोकळेपणाने फिरते. पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्न्टनने १४०५ ते १४०८ या काळात केली. जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी काच, आणि ती पाहायला उभं राहावं लागत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला तिकीट नसतं, कॉयर गात असतं. काकू तिथे शेवटपर्यंत बसल्या होत्या, असं सहकाऱ्याने सांगितलं. त्या वेळात आणखी एखादं ठिकाण उरकता आलं असतं, हे खरं. मला ते उरकायचं नव्हतं. रेल्वे म्युझियमचंही तसंच. प्रवेश मोफत, जमीन सपाट. १९३८ साली वाफेच्या इंजिनाचा ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम करणारं मॅलार्ड तिथे अगदी शेजारून बघता येतं. घाईने बाहेर पडावं अशी ती जागा नाही.

टॅक्सीबद्दलची तुमची तक्रार पूर्ण रास्त आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याप्रमाणे खुर्चीचे जादा पैसे टॅक्सीचालकाला घेता येत नाहीत. पावती, तारीख आणि शक्य असेल तर गाडीवरचा परवाना क्रमांक आम्हाला बुकिंगच्या ईमेलवर पाठवा. यॉर्कमधल्या टॅक्सींचे परवाने तिथली नगर परिषद देते. तिच्याकडे तुमच्या वतीने आम्ही लेखी तक्रार करू. त्याचा निकाल लागेपर्यंत तुम्हाला थांबवणार नाही. जादा घेतलेली रक्कम पावती मिळताच आम्ही तुमच्या खात्यात जमा करतो.

काकूंना नमस्कार सांगा.