अंगठा लागतोय म्हणाली ना ती?

आज संध्याकाळी साताऱ्यात पोवई नाक्यावर एका चपलांच्या दुकानात बसले होते. लेकाचे शाळेचे बूट तीन महिन्यांत कसे फाटतात हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. शेजारच्या बाकावर साठी ओलांडलेल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा. मुलगा दुकानदाराला सांगत होता, आईला युरोपला पाठवतोय, शुक्रवारी निघायचंय, पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम. ऐकून बरं वाटलं. मग त्या बाईंनी पांढरे शूज पायात घातले, साडी जरा वर धरून दोन पावलं टाकली आणि हळूच म्हणाल्या, "अंगठा लागतोय रे थोडा."

मुलाने फोनमधून मान वर केली नाही. "चालून चालून सैल होतात गं. आणि पांढरे आहेत, आयफेल टॉवरपाशी फोटोत भारी दिसतील."

"बरं," त्या म्हणाल्या. बिल झालं, पिशवी घेतली, गेले. पाच मिनिटांत सगळं.

आणि मी तिथे तोंडात मूग धरून बसले. घरी आल्यापासून स्वतःचाच राग येतोय, म्हणून इथे लिहितेय. ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सैल होतात म्हणे! चामडं रुंदीला जरा सैल पडतं, तेही वापरून वापरून. लांबीला तसूभर वाढत नाही. आखूड शूज आखूडच राहतो आणि उतारावर अंगठा पुढे आपटून आपटून नख काळं पडतं. सहलीला लाखांनी पैसे भरायचे, भडंग, चकल्या, पेढ्यांचे बॉक्स वजनकाट्यावर मोजून बॅगेत भरायचे, आणि ज्याच्यावर सगळी सहल उभी आहे ते पाय? ते शेवटच्या आठवड्यात, पाच मिनिटांत, फोटोत कसे दिसतील त्यावर.

मला एवढं का झोंबलं, तर हे सगळं मी स्वतः केलंय. माझ्या आईला.

आई हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायची. शनिवार पेठेतल्या आमच्या घरात जिन्यापाशी एका जुन्या कॅलेंडरचं पान फ्रेम करून लावलेलं आहे, मायकेलअँजेलोचं. देवाचं बोट आणि आदमचं बोट, मधे एवढीशी जागा. येणाऱ्याजाणाऱ्याला ती थांबवून सांगायची, 1508 ते 1512, चार वर्षं माणूस मान वर करून रोमच्या व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं छत रंगवत होता. ती निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आईला रोमला न्यायचं. तीन वर्षांपूर्वी नेलं.

अजिंक्यताऱ्यावर रोज फिरायला जायचे तिचे काळे शूज होते. डाव्या करंगळीपाशी फुगवटा आलेला, सोल एकदा चिकटवून आणलेला. ती म्हणाली, मी हेच नेते. मी म्हटलं, "अगं आई, परदेशात हे? लोक काय म्हणतील!" आणि निघायच्या आदल्या दिवशी नवे पांढरे घेऊन आले. तिला दुकानात नेलंही नाही. तिच्या चपलेचा नंबर बघून आणले.

रोममध्ये आमची बस जुन्या शहराच्या अलीकडेच सोडायची, पुढचं सगळं पायी. आणि रस्ते म्हणजे काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे, एकाला एक लावून ठोकलेले, मधे फटी. सांपिएत्रीनी म्हणतात त्याला. दिसायला देखणं, पण प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं. सज्जनगडाच्या पायऱ्या परवडल्या, तिथे पाय निदान सपाट तरी पडतो. कलोसियम झालं, त्रेवीचं कारंजं झालं, तिथून स्पॅनिश पायऱ्या, त्याही सव्वाशेच्या वर. त्या पायऱ्यांवर बसायला 2019 पासून बंदी आहे. आई जरा टेकली मात्र, पोलिसाने शिट्टी मारली. दचकून उठली आणि मला म्हणते, "किती स्वच्छ ठेवलंय बघ." दुखतंय म्हणून अवाक्षर नाही.

त्या दिवशी फोनवर 21 हजार पावलं झाली. मी मूर्खासारखा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला, आमची आई बघा म्हणून! रात्री हॉटेलात तिचा मोजा निघेना. टाचेवरचा फोड फुटून चिकटला होता. बाथरूममध्ये ना बादली ना मग. शेवटी कचऱ्याचा डबा धुतला, त्यात कोमट पाणी घेतलं आणि तिचा पाय भिजवला. मोजा सुटला तर टाचेला रुपयाएवढा तपकिरी डाग. आणि आई काय म्हणाली असेल? "माझ्याच पायांना सवय नाही गं."

पायांना सवय नाही! ज्या पायांनी तीस वर्षं वर्गात उभं राहून फळ्यावर चित्रं काढली त्यांना सवय नाही, आणि माझ्या एका दिवसाच्या शूजना सवय आहे?

आपले पाय चपलेत वाढलेले आहेत हो. चवडा रुंद, बोटं मोकळी. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सातारा, सांगली हे जिल्हेही आहेत, म्हणजे हा मोकळा पाय सरकारमान्यच म्हणायचा. तो चिंचोळ्या शूजमध्ये कोंबायचा आणि वर म्हणायचं सैल होतील. (म्हणून कोल्हापुरी घालून रोमला जा असं नाही. ओल्या गुळगुळीत दगडावर चामड्याचा तळ साबणासारखा सटकतो.)

आता कुणीतरी खाली लिहील, काकू, मग ट्रेकिंगचे बूट न्यायचे का? नकोत. जड, ताठ, आणि गरमीत पाय उकडतात. यवतेश्वरच्या घाटात पळणारी पोरं वापरतात तसले फुगीर मऊ सोलचे सुद्धा बघूनच घ्या. सपाट डांबरावर छान, दगडांवर घोटा लचकतो. शूज चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधेच घडी पडत असेल तर ठेवून द्या. आणि खरेदीला संध्याकाळीच जा, दिवसभराने पाय सुजलेले असतात, तिकडेही सुजणारच आहेत. दोन्ही पाय घालून बघा, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, नंबर त्याचा घ्यायचा. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच मागे उचलता कामा नये. निव्वळ सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला झाला की फोड आलाच, तेव्हा लोकरीचा किंवा स्पोर्ट्सचा पातळ मोजा घ्या आणि तोच घालून दुकानात बघा. हे सगळं निघायच्या तीन आठवडे आधी. मग रोज टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चढा आणि उतरा. उतरताना अंगठा लागला तर तो शूज तुमचा नाही. संपला विषय.

हो, पांढरे फोटोत छान दिसतात. मान्य. आईचे सगळ्या फोटोंत छान दिसतायत. आणि नव्या कोऱ्या शूजमध्ये पहिल्या दिवसापासून भटकणारी माझी एक मैत्रीणही आहे, तिचे पाय देवाने वेगळ्या मातीचे केलेत.

तिसऱ्या दिवशी व्हॅटिकन होतं. सिस्टिन चॅपेल सगळ्यात शेवटी येतं, आधी दालनामागून दालनं, चालतच राहायचं. आई बॅगेतले रबरी स्लीपर घालून आली होती, टाचेला दोन बँडेज. गाइडने अंतर सांगितलं तशी म्हणाली, "तू जाऊन ये. मी चौकात खांबांच्या सावलीत बसते. खांबही त्याच तोडीचे आहेत." तिथे व्हीलचेअर मिळते हे मला साताऱ्यात परत आल्यावर कळलं. घ्या.

मी गेले. मान वर करून उभी राहिले. ते बोट दिसलं. छत इतकं उंच आहे की आमच्या जिन्यातल्या चित्रापेक्षा लहानच वाटलं. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे तिला दाखवायला एक फोटोही नाही. बाहेर आले तर आई खांबाला टेकून बसलेली, स्लीपर काढून ठेवलेले. पहिला प्रश्न काय, तर "निळा कसा आहे गं? गडद की फिका?"

मला निळा आठवेना. खरंच आठवेना. रांगेत आणि गर्दीत माझं लक्ष त्या बोटांवरच. मी म्हटलं गडद. तिने मान हलवली.

ते पांढरे शूज तिने टाकले नाहीत. टाचेकडचा भाग कात्रीने कापलाय आणि परसात झाडांना पाणी घालताना पायात सरकवते. परवाच म्हणाली, आता छान बसतात.

तर ऐका. बिल देताना दुकानात विचारून ठेवलंय, तळ घासला नसेल तर आठ दिवसांत बदलून देतात. शुक्रवारला अजून तीन दिवस आहेत. मुलगा तिशीचा, चेक्सचा शर्ट, हातात हेल्मेट, बहुतेक गोडोलीकडे वळले. सातारा एवढासा आहे, कुणाच्या तरी ओळखीचा निघेलच. त्याला ही पोस्ट पाठवा. नको, पोस्ट नको, एवढं तो वाचणार नाही. सरळ फोन करा आणि सांगा, आईला सोबत घेऊन जा, एक नंबर मोठा घे, आणि तिच्या जुन्या चपला ती बॅगेत टाकत असेल तर मुकाट्याने टाकू दे.