जागा तर तेवढीच आहे ना, सर!

आमच्या मेनफ्रेमच्या पेजिंगसाठी, म्हणजे मेमरी भरली की तिच्यातली पानं डिस्कवर उतरवायला, स्टोरेजवाल्याकडं मागितले होते मॉड-३ चे, म्हणजे लहान साइजचे, वीसेक व्हॉल्यूम (डिस्क), वेगवेगळ्या एलसीयूवर (डिस्कच्या गटांवर) पसरलेले. आला एक. अख्खा मॉड-५४! ६५,५२० सिलिंडरची (डिस्कची जागा मोजायचं माप) धोंड गळ्यात बांधली आणि वर मेल: "टोटल कॅपॅसिटी सेम आहे सर, प्लीज कन्फर्म."

काय कन्फर्म करू बे? पेजिंगचं पोट जागेनं भरते का? एका व्हॉल्यूमला एक यूसीबी (सिस्टिमकडची त्या डिस्कची नोंद), अलियास (त्याच डिस्कचा जादा पत्ता) नसला तर एका वेळी एकच आयओ (वाचणं-लिहिणं), बाकीचे रांगेत. उद्या नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवरचे सगळे ठेले उठवा, तर्री-पोह्याचा एकच भला मोठा गंज मांडा, वाढायला एकच झारा द्या, आणि गर्दीला सांगा, पोहे तर तेवढेच आहेत ना भाऊ!

काल रात्री मंथ-एंड. त्यात डीबी२ या डेटाबेसनं डंप टाकला, म्हणजे मेमरीची नक्कल काढली. पेजिंग उसळलं आणि आरएमएफ या मोजमापाच्या रिपोर्टमध्ये त्या एकाच व्हॉल्यूमपुढं ही रांग! कनेक्ट टाइम (खरं डेटा नेण्याआणण्याचा वेळ) चिमूटभर, आयओएसक्यू टाइम (रांगेत ताटकळण्याचा वेळ) फुगून टम्म. बॅच जिथल्या तिथं. तिकडून क्लायंट ओरडून राहिला, आणि आमचा स्टोरेजवाला शांतपणे हिरवा ग्राफ शेअर करून राहिला. "सर, युटिलायझेशन तर ३० टक्क्यांच्या आतच आहे." अरे भैताडा, ३० टक्क्यांचा नियम एएसएमला (पेजिंग सांभाळणाऱ्या भागाला) सलग स्लॉट (पानं ठेवायच्या जागा) सापडावेत म्हणून आहे. रांगेचं काय? ७० टक्क्यांना आयआरए२००ई हा जागा कमी पडत असल्याचा इशारा कन्सोलवर येईपर्यंत यांच्या लेखी सगळं हिरवंच.

आता कोणी शहाणा म्हणेल, लागेल तसे अलियास वाटणारा हायपरपॅव्ह आहे ना. आहे! पेजिंगसाठी तो चालू करायचा चेंज बोर्डाकडं धूळ खात पडलाय, कारण दर बैठकीत "इम्पॅक्ट काय?" हाच प्रश्न. आणि चालू असता तरी मंथ-एंडला त्या एलसीयूतले अलियास डीबी२ नं आधीच पळवलेले असते.

आणखी एक. "सगळं कॅशमधून (डिस्कपुढच्या झटपट मेमरीतून) येते, व्हॉल्यूमच्या साइजला आता कोण विचारते" हे ज्ञान पाजणारा तो व्हेंडर. मिहानमधल्या त्या मीटिंगरूममध्ये मे महिन्यात एसी बंद, आणि हा टाय लावून कॅश हिट शिकवत होता. रांग कॅशच्या अलीकडं लागते रे बावा, एलपारमध्ये, म्हणजे मेनफ्रेमच्या आतच! तिथं तुझी कॅश काय दिवे लावणार?

हे सगळं मी पहाटे घरी येऊन बायकोला उभ्या उभ्या ऐकवलं. यूसीबीपासून. हातवारे करून. तिनं शांतपणे विचारलं, "बीपीची गोळी घेतली का हो?" नव्हती घेतली. घेतली.

मग लॅपटॉप उघडला तर माझ्या तक्रारीचं तिकीट 'रिझॉल्व्ह्ड'. पुन्हा उघडलं. पाच मिनिटांत उत्तर: "एकाऐवजी वीस व्हॉल्यूम काऊन पाहिजेत याचं बिझनेस जस्टिफिकेशन द्या. शंभर अक्षरांत."