सासऱ्यांचा लॅपटॉप आणि पुदिना

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला नारळ दिला आणि त्याची झळ थेट चिंचवडला माझ्या सासऱ्यांच्या डायनिंग टेबलापर्यंत पोचली. स्क्रीनवर सपोर्ट संपल्याचा मेसेज आला की ते तो बंद करायचे नाहीत, मला फोन करायचे. लॅपटॉप 2012 चा, रॅम दोन जीबी, उजवी बिजागरी सेलोटेपच्या भरवशावर, आणि हार्डडिस्क सुरू झाली की पिठाची गिरणी. विंडोज 11 ला म्हणे टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, इथे स्पेसबार लागेल का याचीच खात्री नाही. मी आमटी ओरपता ओरपता बोलून गेलो, "बाबा, विंडोजच्या जागी लिनक्स टाकू या की, फुकट असतं."

"फुकट? मग कंपनीला काय मिळतं?"

"कंपनी अशी नसतेच."

"मग तक्रार कुणाकडे करायची?"

एसटीच्या हिशोब खात्यात 33 वर्षं काढलेला माणूस, त्यांना ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारं सॉफ्टवेअर, समजावताना आमटी गार झाली. त्यात मी सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्सचं नाव काढलं, तर एकदम खूश, "सरकारी आहे? मग पेन्शनरांना सवलत असेल." अहो बाबा, फुकटात अजून काय सवलत!

लिनक्सचे प्रकार ढीगभर, ऑफिसात विचारलं तर प्रत्येकाचं कुलदैवत वेगळं. एक म्हणे डेबियन, एक म्हणे झोरिन, आणि एक आर्चवाला (आर्च म्हणजे सगळं हाताने बसवायचं अवघड लिनक्स), त्याला काही न विचारताच तो आपण आर्च वापरतो हे सांगून गेला. शेवटी वेंटॉय नावाच्या सॉफ्टवेअरने एकाच पेन ड्राइव्हवर पाच लिनक्सच्या आयएसओ फाइली भरल्या, की इन्स्टॉल न करता एकेक चालवून दाखवता येतील, आणि रविवारी सकाळी जाऊन बसलो लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावा म्हणून एफ12 बडवत.

आधी मिंट नावाच्या लिनक्सचं सिनॅमन रूप आलं, दिसायला देखणं, पण फायरफॉक्स उघडलं आणि लॅपटॉपने जी समाधी लावली ती सासूबाईंचा दुसरा चहा येईपर्यंत. पपी लिनक्स अख्खं रॅममध्ये जाऊन बसतं, त्यामुळे पळालं सुसाट, पण नावाचा अर्थ सांगितल्यावर सासूबाई आतून म्हणाल्या, "कुत्रं घरात नको." अँटीएक्स सगळ्यात हलकं, पण बाबांना त्यात बँकेतल्या जुन्या कॉम्प्युटरचा भास झाला. लुबुंटू ठीक होतं. मिंटचंच हलकं एक्सएफसीई रूप आलं तेव्हा डाव्या कोपऱ्यात खाली मेन्यू बघून म्हणाले, "हां, हे आपलं. काय नाव?" मिंट म्हणजे पुदिना. झालं, तेव्हापासून ते पुदिनाच.

खरं सांगायचं तर लॅपटॉपला जीवदान पुदिन्याने कमी आणि मी गुपचूप बसवलेल्या एसएसडीने (हार्डडिस्कच्या जागची वेगवान डिस्क) आणि चार जीबीच्या रॅमच्या पट्टीने जास्त दिलं, पण श्रेय मी घेतलं.

मग वायफाय दिसेना. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेट ड्रायव्हरशिवाय येत नाही, म्हणून मोबाईल केबलने जोडून टिथरिंग केलं, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला दिलं. बाबा चिंतेत, "म्हणजे आता याला कायम सलाईनवर ठेवायचं?"

तेवढ्यात त्यांनी सोसायटीच्या नोटिशीची फाइल उघडली. ते सेक्रेटरी, नोटीस पाण्याच्या टाकीची, आणि स्क्रीनवर नुसते इंग्रजी शिंतोडे आणि डॉलरची चिन्हं! जुना, युनिकोडच्या आधीचा फॉन्ट, तो कॉम्प्युटरवर नसला की मराठी दिसतच नाही. ते माझ्याकडे असे बघायला लागले की टाकी मीच फोडलीय. जुन्या डिस्कवरून फॉन्टची फाइल शोधून इकडे टाकली तेव्हा कुठे 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' परत मराठीत आलं.

संध्याकाळी सात वाजता सगळं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पत्त्यांचा डाव कुठाय?"

पंधरा दिवस फोन नाही, मी निर्धास्त. परवा आला. "येत्या रविवारी तो पेन ड्राइव्ह घेऊन या. बी विंगमधल्या काकांचा लॅपटॉप मी आणूनच ठेवलाय. फक्त त्यांना पुदिना नकोय, त्यांच्या नातवाने आर्च सांगितलंय."