पॅनल गायब झालं म्हणून फॉरमॅट मारू नका

लिनक्स वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय: ‘लॉगिन केल्यावर खालची पट्टी (पॅनल) आणि मेनू दिसत नसेल, तर सिस्टीम करप्ट झाली समजा. फॉरमॅट मारा. नाहीतर होममधली डॉटवाली सगळी फोल्डरं उडवा. टाइमशिफ्ट असेल तर काळजीच नको, सगळं परत येतं.’ (होम म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायलींचं फोल्डर. डॉटवाली म्हणजे टिंबाने नाव सुरू होणारी, एरवी लपलेली फोल्डरं. टाइमशिफ्ट म्हणजे सिस्टीमची नक्कल जपून ठेवणारा प्रोग्राम.) या संदेशातलं एकही विधान खरं नाही, आणि फोल्डरं उडवण्याचा सल्ला तर घातक आहे.

सिस्टीम बिघडली का, हे आधी तपासा. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा, एक नवा युजर बनवा आणि त्याच्या नावाने डेस्कटॉप उघडा. तो नीट चालला तर सिस्टीम ठणठणीत आहे. बिघडली आहे ती तुमच्या होममधली एखादी फाइल.

नारायण पेठेत मुद्रितशोधन करणाऱ्या एका काकूंकडे नेमकं हेच झालं होतं. गुरुवारची वीज गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी, मशीन धाडकन बंद. त्यांच्याकडे मिंट हे लिनक्स, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवालं. त्या डेस्कटॉपची सेटिंग्ज होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरमध्ये छोट्या छोट्या एक्सएमएल (साध्या मजकुराच्या) फायलींत असतात. यादी काढली तर पॅनलच्या फायलीपुढे आकार: ०. बाकीच्या सगळ्या शाबूत. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली की असं होतं. डिस्क गच्च भरली तरी होतं, म्हणून जागा किती उरली तेही बघून घ्यावं. डेस्कटॉपमधून पूर्ण लॉगआउट करून (नाहीतर चालू प्रोग्राम मेमरीतलं जुनंच परत लिहून टाकतो) त्या एका फायलीचं नाव बदललं. लॉगिन केल्यावर मूळ रूपातली नवी पट्टी हजर.

ग्नोम आणि सिनॅमन या दुसऱ्या डेस्कटॉपांमध्ये बहुतेक सेटिंग्ज डीकॉन्फ या सेटिंग्ज साठवणाऱ्या व्यवस्थेच्या ‘यूजर’ नावाच्या एकाच बायनरी फायलीत असतात. तिचं नाव बदललं की वॉलपेपरपासून मराठी कीबोर्डपर्यंत सगळं मूळ पदावर येतं. घाबरू नका, मराठी कुठे जात नाही. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड पुन्हा यादीत घातला की झालं. सगळं चालू असतानाच ‘डीकॉन्फ डंप’ने या सेटिंग्जची साधी मजकूर-फाइल काढून ठेवली असेल, तर ‘डीकॉन्फ लोड’ तेवढंही काम वाचवतो.

आता डॉटवाली फोल्डरं. काकूंनी लिब्रेऑफिसच्या शब्दकोशात वर्षानुवर्षं एकेक मराठी शब्द घातलाय. तो कोश डॉट-कॉन्फिगमध्येच असतो. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामची पत्रं, फायरफॉक्सचे पासवर्ड, स्वतः टाकलेले फाँट, सगळं अशाच लपलेल्या फोल्डरांत. एका पट्टीपायी हे उडवायचं? त्यांच्या आधीच्या मशीनवर एका दुकानाने न विचारता फॉरमॅट मारला होता, तेव्हा पहिला कोश गेला. ते सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो.

आणि टाइमशिफ्ट? तो सिस्टीमच्या फायली जपतो. होम फोल्डर तो मुळात वगळतो, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय घेत नाही. म्हणजे इथे जे बिघडलंय, नेमकं तेच त्याच्याकडे नसतं. काकूंचं डॉट-कॉन्फिग आता दर शनिवारी पेनड्राइव्हवर उतरतं.