सातबारा आबांचा, फवारणी माझी

'म्हातारे जमीन सोडत नाहीत म्हणून पोरं शेती सोडतात' असं एका लेखात वाचलं. ते अर्धंच खरं. आमचं निफाडचं सांगतो. आबा 78 वर्षांचे, छाटणीला अजून कात्री घेऊन बागेत. गुडघे धरले की वेलीखालीच बसतात. 'तरुण वारस' म्हणजे मी, वय 51! सातबाऱ्यावर नाव त्यांचं, म्हणून पीककर्जाच्या सहीला त्यांनाच बँकेत न्यावं लागतं. राज्याच्या जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणी होते, पण सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. वडिलोपार्जित जमिनीत 2005 पासून मुलींचाही समान हक्क (बरोबरच आहे ते). एक ताई पुण्याला, दुसरी सुरतेला. दोघी एकत्र भेटतात लग्नकार्यातच. तिथे वाटणीचा विषय कोण काढणार? आबा म्हणतात, "मी गेल्यावर वारसनोंद करा."